पांघरुणाखालचा उजेड : ख्रिस्ती कुटुंबात मुलांच्या मोबाइलविषयी काय करावे?

मोहरीचा दाणा

आमच्या घरी मुलगा १२ वर्षांचा आणि मुलगी ८ वर्षांची आहे. रात्रीच्या जेवणानंतर आम्ही कौटुंबिक प्रार्थना करतो आणि मुले पाळीपाळीने शास्त्रपाठ वाचतात. खरे सांगायचे तर आमच्या या शिस्तीचा मला थोडा अभिमानच होता. गेल्या महिन्यात मध्यरात्री पाणी प्यायला उठले, तेव्हा मुलाच्या पांघरुणाखालून निळसर उजेड झिरपताना दिसला. अवघ्या चार तासांपूर्वी ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ हे प्रभूच्या प्रार्थनेतील शब्द त्यानेच मोठ्याने म्हटले होते.

आम्ही पंधरा दिवस फोन काढून घेतला. त्या पंधरा दिवसांत तो अभ्यासासाठी दिलेल्या टॅबवर तेच व्हिडिओ पाहू लागला, पाहिल्याच्या नोंदी पुसायला शिकला, आणि ‘दादा कुठे आहे?’ असे विचारल्यावर धाकटी न अडखळता ‘अभ्यास करतोय’ असे सांगू लागली. शिक्षेने सवय सुटली नाही. उलट जे एका मुलाचे लपवणे होते ते दोघांचे झाले.

किती तास द्यावेत, एवढाच माझा प्रश्न असता तर मी येथे लिहिले नसते. ज्या घरात आपण देवासमोर काही लपत नाही असे मुलांना शिकवतो, त्याच घरात मुलांना आमच्यापासून लपावेसे का वाटले, आणि आता पुढे काय करावे, हे मला समजून घ्यायचे आहे.

उंबरठा

ताई, आपली तळमळ कळते, परंतु तासांचा प्रश्न इतक्या लवकर बाजूला ठेवू नये असे मला वाटते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालील मुलांसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यानुसार वर्षाच्या आतील बाळाला पडदा मुळीच दाखवू नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला एक तास ही कमाल मर्यादा असून त्याहून कमी असेल तर अधिक बरे. मोठ्या मुलांसाठी असा एकच आकडा सांगणे अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ मध्ये सोडून दिले आणि झोप, व्यायाम, अभ्यास यांवर गदा येणार नाही अशी सुसंगत मर्यादा प्रत्येक कुटुंबाने ठरवावी, असे सुचवले. झोपण्यापूर्वी तासभर पडदे बंद असावेत, हेही त्यांच्या शिफारशींत आहे.

आमच्या घरी तीन मुलांनंतर एकच नियम टिकला, तो जागेचा. रात्री नऊ वाजता घरातील प्रत्येक फोन दिवाणखान्यातील कपाटावर चार्जिंगला लागतो आणि झोपायच्या खोलीत कोणताही पडदा जात नाही. ‘आता पुरे’ हे रोज रात्री सांगावे लागले तर रोज रात्री भांडण होते. जागा ठरलेली असली की सांगण्याची वेळच फारशी येत नाही. पवित्र शास्त्रातील नीतिसूत्रांत मुलाला त्याच्या मार्गाला अनुसरून शिक्षण द्यावे असे सांगितले आहे, आणि कुंपण घालणे हा त्या शिक्षणाचाच भाग आहे.

रात्रपाळी

मी सॉफ्टवेअरच्या व्यवसायात आहे, म्हणून या प्रकरणाची दुसरी बाजू मांडतो.

१२ वर्षांचा मुलगा पांघरुणात फोन पाहतो तेव्हा तो एकटा नसतो. त्याने थांबू नये म्हणून पगार घेणारी माणसे पडद्याच्या पलीकडे बसलेली असतात. पूर्वी पान संपत असे, आणि पान संपले की ‘पुढे जायचे का?’ असा एक क्षण मनाला मिळत असे. २००६ मध्ये अझा रास्किन यांनी न संपणाऱ्या स्क्रोलची रचना केली आणि तो क्षणच नाहीसा झाला. पुढे या रचनेबद्दल त्यांनी स्वतःच जाहीर खेद व्यक्त केला. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होणे हेही त्याच जातीचे. बक्षीस ठरावीक वेळी न मिळता अनिश्चितपणे, कधी तरीच मिळाले, तर प्राणी कळ दाबत राहतो, हे मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी गेल्या शतकात प्रयोगांनी दाखवले होते. दहा कंटाळवाण्या व्हिडिओंनंतर येणारा अकरावा मजेदार व्हिडिओ नेमके तेच करतो.

मुलाची जबाबदारी संपते असे मी म्हणत नाही. पण त्याला ही यंत्रणा उलगडून दाखवली, तर ‘मी वाईट मुलगा आहे’ या ओझ्याऐवजी ‘मला येथे ओढले जाते आहे’ अशी ओळख त्याला पटते, आणि त्या वयाच्या मुलांना आपल्याला कोणी फसवलेले मुळीच खपत नाही. माझ्या मुलीबरोबर मी एका संध्याकाळी तिच्या आवडत्या अ‍ॅपमधल्या ‘थांबू न देणाऱ्या’ युक्त्या मोजल्या. तिने माझ्यापेक्षा चार अधिक शोधल्या.

काही व्यावहारिक गोष्टी. ऑटोप्ले बंद करता येतो. माणसांचे निरोप सोडून बाकी सर्व सूचना बंद ठेवाव्यात. अ‍ॅपलच्या फोनमध्ये ‘स्क्रीन टाइम’ आणि अँड्रॉइडवर गूगलचे ‘फॅमिली लिंक’ यांमधून वेळेची व वयाची मर्यादा घालता येते, आणि अश्लील संकेतस्थळे अडवणारी गाळणी घरच्या राउटरवरच बसवली तर ती टॅबलाही लागू होते. मात्र जे बसवाल ते मुलाला दाखवून बसवा. त्याच्या नकळत त्याचे निरोप वाचणारे अ‍ॅप टाकले, तर लपवाछपवीत तुम्हीही उतरलात, आणि हे त्याला कळल्यावाचून राहत नाही. शिवाय कोणतेही कुलूप शेजारच्या मित्राच्या फोनला लागू होत नसते.

जैतून

एक अप्रिय प्रश्न विचारते. मध्यरात्री पाणी प्यायला उठलेल्या आईच्या हातात त्या वेळी काय होते?

हा टोमणा नव्हे, कारण माझ्या हातात होते. माझ्या मुलीने सहाव्या वर्षी काढलेल्या कुटुंबाच्या चित्रात मला चेहरा होता, हात होते आणि हातात काळा चौकोन होता. भावाच्या डोळ्यातील कुसळ पाहणाऱ्याला स्वतःच्या डोळ्यातील मुसळ दिसत नाही, ही येशूची शिकवण मी दुसऱ्यांच्या बाबतीत कितीतरी वेळा ऐकवली होती. २०१६ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कुटुंबाविषयी लिहिलेल्या प्रबोधनपत्रात जेवणाच्या वेळी प्रत्येक जण आपापल्या फोनमध्ये असतो त्या घराचा उल्लेख आहे, आणि तेथे त्यांनी मुलांना वेगळे काढलेले नाही.

आणखी एक. मुलांची छायाचित्रे आपण त्यांना न विचारता सर्वांना पाठवतो, आणि खरे-खोटे न तपासता आलेला संदेश पुढे ढकलतो. खोटी साक्ष देऊ नये ही आज्ञा पाठ करून घेताना मुले आपल्या अंगठ्याकडेही पाहत असतात.

निवृत्त पाळक

आपणां सर्वांचे लेखन मी सावकाश वाचले. मंडळीत चाळीस वर्षे सेवा केल्यावर सल्ला देण्याची सवय सुटत नाही, तेव्हा थोडे सांभाळून घ्यावे.

चौथ्या शतकात इजिप्तच्या वाळवंटात राहणाऱ्या एवाग्रियस नावाच्या संन्याशाने एका रोगाचे वर्णन केले आहे. खोलीत एकटा बसलेला साधू पुन्हा पुन्हा खिडकीकडे पाहतो, सूर्य किती सरकला ते मोजतो, कोणी भाऊ भेटायला येतो आहे का हे डोकावून पाहतो, आणि दिवस त्याला ५० तासांचा वाटू लागतो. याला त्याने ‘अकेडिया’ म्हटले. जेथे आहोत तेथे राहवत नाही, आणि जे हाती आहे त्यात मन रमत नाही, अशी ती बेचैनी. त्या साधूजवळ फोन नव्हता. म्हणून मला असे वाटते की ही बेचैनी फोनने जन्माला घातली नाही, फोनने तिला खिशात मावेल एवढी खिडकी दिली.

यावरून पालकांनी काय घ्यावे? मत्तयाच्या शुभवर्तमानातील बाराव्या अध्यायातल्या रिकाम्या घराचा दाखला आठवावा. अशुद्ध आत्मा निघून जातो, घर झाडून-लोटून सजवलेले पण रिकामे राहते, आणि तो आपल्याहून वाईट असे आणखी सात घेऊन परततो. फोन काढून घेतल्यावर रिकाम्या झालेल्या वेळात मुलाला काय मिळाले? पंधरा दिवस घर झाडलेले होते, पण त्यात कोणी राहायला आले होते का? कौटुंबिक प्रार्थना वीस मिनिटांची असते, संध्याकाळ त्याहून बरीच लांब असते. जुन्या करारातील ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात मुलांना शिकवण्याच्या ज्या वेळा सांगितल्या आहेत, त्या घरी बसण्याच्या, वाटेने चालण्याच्या, निजण्याच्या आणि उठण्याच्या आहेत. म्हणजे धर्मशिक्षण सोबतीत घडते, आणि सोबतीला वेळ लागतो. मुलाबरोबर सायकल दुरुस्त करणे, कणीक मळणे, काही न करता गच्चीवर बसणे, हे मी त्यात धरतो. कंटाळा येऊ देणे हेसुद्धा धरतो. कंटाळलेले मूल पाहून घाबरणारे पालक मी फार पाहिले आहेत.

आठवड्यातून एक दिवस पडदे बंद ठेवण्याचा प्रघात अनेक कुटुंबे पाळतात आणि तो मला प्रिय आहे. पण शब्बाथ, म्हणजे विसाव्याचा पवित्र दिवस, मनुष्यासाठी झाला, मनुष्य शब्बाथासाठी नव्हे. त्या दिवशी परगावच्या आजारी काकांना फोन लावू न देणारे घरही मी पाहिले आहे, आणि तेथे मुलांनी शब्बाथाचा नव्हे, देवाचाच राग धरला.

दोन दमड्या

मी २३ वर्षांची आहे, आणि माझ्या घरी संपूर्ण बंदी होती. आईवडिलांवर माझे प्रेम आहे, म्हणून हे काळजीपूर्वक लिहिते.

अकराव्या वर्षी मैत्रिणीच्या घरी मला एक व्हिडिओ दाखवला गेला. तो काय होता हे येथे लिहिण्याची गरज नाही. मला किळस आली, भीती वाटली आणि घरी येऊन आईला सांगावे असे तीव्रतेने वाटले. पण सांगितले असते तर पहिला प्रश्न ‘तू फोनला हात लावलास कसा?’ हा आला असता, आणि मैत्रीण कायमची तुटली असती. मी सांगितले नाही. नऊ वर्षे कोणालाच सांगितले नाही. त्या काळात प्रार्थनेला बसले की आपण अपात्र आहोत असे वाटत राहिले, कारण जे पाहिले ते मीच केले असल्यासारखी लाज माझ्यावर बसली होती.

बंदीने मला त्या व्हिडिओपासून वाचवले नाही. त्यानंतर जिच्याकडे जावे असे वाटले, त्या आईपासून मात्र दूर ठेवले. आदाम झाडांमागे लपला तेव्हा देवाने उच्चारलेले पहिले वाक्य ‘तू कोठे आहेस?’ असे होते. ‘फळ खाल्लेस का?’ हा प्रश्न त्यानंतरचा. ताई, आपल्या मुलाने अजून काही भयंकर पाहिले नसेलही. ज्या दिवशी पाहील, त्या दिवशी आपल्या तोंडून पहिला प्रश्न कोणता निघेल, हे त्याला आजच ठाऊक असायला हवे.

उंबरठा

वरील प्रतिसाद वाचून मी बराच वेळ थांबलो, आणि त्यातील दुःखाबद्दल आदर ठेवूनच पुढचे लिहितो.

कृपा म्हणजे कुलूप नसणे, असा अर्थ येथून कोणी काढू नये. आठ वर्षांच्या मुलीला स्वतःचा फोन देऊन ‘काही वाईट दिसले तर मला सांग’ असे म्हणणे हा विश्वास नव्हे, ते तिच्या खांद्यावर आपले काम टाकणे आहे. वय लहान असताना कुंपण जवळ असावे आणि वयाबरोबर ते मागे सरकत जावे, एवढेच माझे म्हणणे. मुलांना चिडीस आणू नका असे प्रेषित पौल बापांना सांगतो, पण त्याच वाक्यात प्रभूच्या शिस्तीत व शिक्षणात त्यांना वाढवा असेही सांगतो, आणि दोन्ही अर्धे एकत्रच वाचावे लागतात.

दुसरे म्हणजे खाते उघडण्याचे वय. बहुतेक समाजमाध्यमांनी १३ वर्षांची अट ठेवली आहे. तिचे मूळ मुलांच्या माहितीच्या संरक्षणासाठी १९९८ मध्ये अमेरिकेत झालेल्या कायद्यात आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४ मध्ये कायदा करून ही मर्यादा १६ वर नेली आणि १० डिसेंबर २०२५ पासून ती लागू झाली. तेरा योग्य की सोळा, यावर मतभेद असू शकतात. पण मुलाच्या हट्टापायी खोटे जन्मवर्ष स्वतःच्या हाताने भरणारे पालक मी मंडळीतच पाहिले आहेत, आणि त्यानंतर तेच पालक मुलाने नोंदी पुसल्या म्हणून दुखावतात.

दोन दमड्या

कुलूप नको असे मी म्हटले नाही, काका. कुलपाची एक किल्ली घरात कोणाकडे तरी असावी, आणि ती मागायला भीती वाटू नये, एवढेच.

उंबरठा

मान्य आहे.

आजीचा चष्मा

पडदा म्हटला की सगळे एकाच पोत्यात घालू नये. माझी नात परदेशात असते. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर आम्ही दोघी एक स्तोत्र वाचतो, एक ओळ ती आणि एक ओळ मी. दीड वर्षाखालील बाळांना पडद्यापासून दूर ठेवा असे सांगणारे डॉक्टरसुद्धा अशा बोलण्याला सूट देतात, असे माझ्या सुनेने मला वाचून दाखवले. फोनने मला माझी नात दिली आहे. तो पाहण्यासाठी की बोलण्यासाठी, हे आधी विचारावे.

उपासनेत मात्र मुलांच्या हाती कागदी पवित्र शास्त्र असावे, असा माझा आग्रह आहे. फोनवरचे वचन तेच असते, हे मला कळते, पण वचनाच्या मधोमध क्रिकेटचा स्कोअर येत नाही असे पुस्तक मुलांनी निदान आठवड्यातून एकदा हाती धरावे.

रात्रपाळी

आजींच्या म्हणण्याला जोडून सांगतो. तंत्रज्ञानात कुशल असलेले मूल म्हणजे बिघडलेले मूल, असेही आपण समजू नये. कार्लो अकुतिस हा मुलगा १९९१ मध्ये जन्मला आणि १५ व्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला. तेवढ्या आयुष्यात त्याने पवित्र मिस्साविधीशी निगडित चमत्कारांची माहिती देणारे संकेतस्थळ तयार केले, आणि ७ सप्टेंबर २०२५ रोजी त्याला संत घोषित करण्यात आले. व्हिडिओ गेम त्यालाही आवडत, परंतु आठवड्याला एक तास एवढीच मर्यादा त्याने स्वतःला घालून घेतली होती, असे त्याच्याविषयी सांगितले जाते. मी कॅथलिक नाही, आणि संतपदाच्या चर्चेत येथे शिरत नाही. माझे लक्ष ‘स्वतःला’ या शब्दाकडे आहे. आत्म्याच्या फळांच्या यादीत पौलाने शेवटी इंद्रियदमन घातले आहे, आणि फळ बाहेरून बांधता येत नाही. मुलाला काही बनवायला शिकवा, चित्रपट जोडणे, संगीत रचणे, छोटा प्रोग्राम लिहिणे. बनवणाऱ्याला थांबावे लागते, कारण काम कधीतरी पूर्ण होते.

मोहरीचा दाणा

तीन आठवड्यांनी परत लिहिते आहे, उशिराबद्दल क्षमस्व. जैतूनताईंच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते. होय, माझ्या हातात फोन होता. पाण्याच्या निमित्ताने मी निरोप पाहायला उठले होते.

त्या रविवारी आम्ही मुलांसमोर तेच कबूल केले. मुलगा बराच वेळ गप्प राहिला आणि मग त्याने विचारले, ‘मग तुम्हांला कोणी शिक्षा केली?’ आमच्याकडे उत्तर नव्हते. यांनी त्याला दानीएलाची गोष्ट आठवण करून दिली. दानीएलाने राजाचे अन्न नाकारताना थाळी भिरकावली नव्हती, दहा दिवस करून पाहू द्या आणि मग ठरवा, अशी विनंती केली होती. आम्हीही दहा दिवसांची परीक्षा ठरवली. रात्री नऊला चौघांचे फोन आणि टॅब स्वयंपाकघरातील टोपलीत ठेवायचे. राउटरवरची गाळणी यांनी मुलाला शेजारी बसवून लावली. आणि कोणीही काहीही पाहिले तरी ते सांगायला आल्यास त्या दिवशी फोन काढून घेतला जाणार नाही, हे कागदावर लिहून चौघांनी सह्या केल्या. धाकटीची सही अर्धे पान व्यापते.

तिसऱ्या दिवशी टोपलीत यांचा फोन नव्हता. कार्यालयातून तातडीचा निरोप येणार होता, असे कारण होते आणि ते खरेही होते. मुलीने टोपली उचलून यांच्यासमोर धरली आणि तेथेच उभी राहिली. शेवटी कामाच्या आठवड्यांत फोनची घंटा मोठी करून तो टोपलीतच ठेवायचा, असे ठरले. सहाव्या दिवशी मुलाने टॅब पुन्हा आपल्या खोलीत नेला, आणि सकाळी तो मला स्वतःहून सांगायला आला. माझ्या तोंडून प्रथम ‘परत?’ हेच निघाले, हे मला येथे लिहिलेच पाहिजे. मग मी कागदाकडे पाहिले, आणि काय पाहत होतास, असे विचारले. जुन्या आगगाड्या दुरुस्त करणाऱ्या माणसाचे व्हिडिओ होते. आम्ही दोघांनी मिळून त्यातला एक संपूर्ण पाहिला. मला तो कंटाळवाणा वाटला, आणि त्याला ते दिसले.

संध्याकाळच्या रिकाम्या वेळेबद्दल पाळकसाहेबांनी लिहिले होते, ते अजून जमलेले नाही. पहिले चार दिवस नऊ ते दहा या वेळात मुले एकमेकांशी केवळ भांडली. पाचव्या दिवसापासून पत्ते सुरू झाले आहेत आणि मुलगी लबाडी करते.

पाच महिन्यांनी मुलगा तेरा वर्षांचा होईल, आणि वर्गातील बहुतेकांची खाती असल्याचे तो आत्तापासून सांगतो आहे. यांचे मत सोळापर्यंत थांबावे असे आहे, माझे अजून ठरलेले नाही. ज्यांच्या घरी ही वेळ येऊन गेली आहे, त्यांनी कसे ठरवले आणि ठरवताना मुलाला किती बोलू दिले, ते कृपया लिहावे.